सात किलोंचा कडता

धरणगावच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कापसाच्या मोठ्या काट्यावर जिवंत प्राणी चढवायचा नाही, असा नियम होता. एकदा कुणा गाडीवानाचा बैल चुकून चढला, तर तो उतरल्यावरही काटा तीन दिवस हंबरत होता म्हणतात. तो नियम अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत झुंबरनं मोडला. चपला काढून, पदर खोचून आणि श्वास रोखून.

श्वास रोखला की वजन कमी भरतं, असं तिला वाटत होतं.

वडिलांचा डबा द्यायला ती आली होती. आवारात कुणी नव्हतं. यंत्रं जेवणाच्या सुट्टीला थांबली होती आणि हवेत कापसाचं तूस तरंगत होतं. त्या वर्षी तूस इतकं उडालं की आवारातलं काळं कुत्रं डिसेंबरात कापसाच्या ढिगात झोपलं ते फेब्रुवारीत पांढरं होऊन उठलं, आणि त्याच्याच पिल्लांनी त्याला हाकलून दिलं.

"माल कुठला?"

झुंबर दचकली. गोण्यांच्या थप्पीमागून एक म्हातारा येत होता. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. जवळ येऊन तो हसला, तसं तूस झडलं आणि म्हाताऱ्याचा पंचवीस वर्षांचा पोरगा झाला.

"माल नाही... मी आहे," ती म्हणाली.

"ते दिसतंय. कुठल्या गाडीतून उतरला, एवढंच विचारतोय."

"बन्सीलाल नानांची मुलगी आहे मी. काटा रिकामा दिसला म्हणून..."

"म्हणजे घरचा माल. मग ओलावा तपासायला नको."

तो होता अभिमन. धुळ्याचा. हंगामापुरता काट्यावर वजनं करायला आलेला. त्यानं दांडीवरचा गोळा सरकवला, वाकून पाहिलं. आकडा फक्त त्याच्याच बाजूनं दिसायचा.

"चौऱ्याहत्तर," तो म्हणाला. आणि वर पाहिलं तर तिचे डोळे भरलेले. तो घाईघाईनं पुढे म्हणाला, "...कडता वजा जाता त्र्याहत्तर."

बारदानाचा म्हणजे रिकाम्या गोणीचा, ओलाव्याचा, कचऱ्याचा म्हणून मापातून जे वजन वगळतात, तो कडता. शेतकरी त्याच्या नावानं बोटं मोडतात. कडता ऐकून हसलेली खानदेशातली पहिली बाई म्हणजे झुंबर.

"कशाचा कडता?"

"पैंजणांचा."

"एवढेसे तर आहेत..."

"आवाज धरून सांगतोय."

ती हसली खरी. पण घरी जाताना तिनं वाटेत तीनदा पदर सारखा केला, कुणी पाहत नसताना.

तिचं दुःख साधं होतं. दोन वर्षांमागे आई गेली. त्या वर्षी घरात रडायला कुणालाच वेळ नव्हता. नानांच्या छातीत तुसानं घर केलं होतं, ते खोकायचे. स्वयंपाक झुंबरकडे आला. ताटावर बसलं की समोरची आईची जागा दिसायची, म्हणून ती दाराआड उभ्यानं खायची. गुळाचा खडा, मूठभर शेंगदाणे, पुन्हा गूळ. डबा रिकामा व्हायचा आणि पोट भरल्याचं कळायचं नाही. मग लाज वाटायची, आणि दोन दिवस ती काहीच खायची नाही. अंग मात्र वाढत गेलं. भाऊबंदांतली पोरं म्हणायची, "हे झुंबर टांगलं तर माळवद खाली येईल." ती पण त्यांच्याबरोबर हसायची.

मग जळगावचं स्थळ आलं. मोतीलाल नावाचा मुलगा, स्टीलच्या भांड्यांचं दुकान. त्याची मावशी भिकुबाई सगळं ठरवायची. ती चहा पिऊन म्हणाली, "पोर चांगली शे. फक्त होळीपर्यंत धा किलो उतरवा."

नाना 'हो' म्हणाले. त्या रात्रीपासून त्यांचा खोकला जरा कमी झाला, असं झुंबरला वाटलं. आपण बारीक झालो तर नाना बरे होतील, अशी तिची समजूत झाली. तिथून तिनं जेवणच सोडलं.

दर सोमवारी ती काट्यावर यायची. तिसऱ्या सोमवारी अवकाळी पाऊस आला. गोण्यांवर ताडपत्र्या पडल्या, यंत्रं थांबली, ओल्या सरकीचा उग्र वास आवारभर पसरला. काट्याच्या पत्र्याखाली दोघंच उभे राहिले. पावसाचा आवाज एवढा, की बोलायला जवळ यावं लागत होतं. झुंबरनं फळीवर पाय ठेवला आणि... तोल गेला. अभिमननं तिचा दंड धरला. हात बर्फासारखा गार.

"शेवटचं कधी जेवलात?"

"काल लिंबूपाणी..."

"मी जेवण विचारलं."

तिनं दंड सोडवून घेतला.

त्यानं स्वतःचा डबा उघडला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. खानावळवाल्यानं सकाळीच बांधून दिलेलं, गार झालेलं.

"मी नाही खाणार," झुंबर म्हणाली. "अजून नऊ किलो..."

"एक सौदा करू. तुम्ही माझ्यासमोर बसून खायचं. पोटातल्या भाकरीचं वजन मी धरणार नाही. ते आतलं बारदान. त्याचा कडता."

"असा कुठे कडता असतो?"

"काटा माझा आहे. माझ्या काट्यावर असतो."

ती बसली. पहिला घास तोंडात फिरतच राहिला. दुसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं म्हटलं ठेच्यानं. त्यानं म्हटलं, "असेल." पण पाणी थांबेना. पत्र्यावरचा पाऊस थांबला तरी ते थांबेना. दोन वर्षांचं होतं ते. एवढं वाहिलं, की धरणगावच्या विहिरी त्या उन्हाळ्यात आटल्या नाहीत, असं अजून सांगतात. खरंखोटं विहिरींना माहीत.

अभिमननं पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला. ती थांबल्यावर म्हणाला, "भूक लागली की जेवत जा. रडू आलं की रडत जा. एकाचं काम दुसऱ्यावर ढकललं, की दोन्ही अर्धवट राहतात."

त्यानंतर ती घरीही ताट घेऊन बसायला लागली. एक भाकरी, कधी दीड. वाटीभर डाळ, मेथीची भाजी, ताक. पुरे वाटलं की हात धुवायची. आईच्या जागेकडे पाहायची... आणि नजर खाली न घालता जेवायची. गुळाचा डबा कोनाड्यातच राहिला. खावासा वाटला तर ती खडा ताटात घ्यायची, लपून नाही. डबा द्यायला लांबच्या रस्त्यानं, केळीच्या बागेवरून चालत जायची. कशासाठी लांबून, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

आणि दर सोमवारी आकडा उतरत होता. सत्तर. अडुसष्ट. सहासष्ट.

"आज पावडर लावलीय का?" अभिमन विचारायचा.

"थोडी... का?"

"तिचाही कडता धरतो."

"आणि मी रागावले तर?"

"रागाला वजन फार. उतरून, हसून, परत चढा."

फेब्रुवारीअखेर तो म्हणाला, "निव्वळ चौसष्ट." झुंबरनं नानांना सांगितलं. नानांनी त्याच दिवशी जळगावला पोस्टकार्ड टाकलं. पोर चौसष्टवर आली, या.

ज्या दिवशी स्थळ पक्कं व्हायची वेळ आली, त्याच दिवशी तिला कळलं की आपल्याला सोमवार हवा होता, चौसष्ट नाही. पण असलं कुणाला सांगणार? नानांचं कार्ड पेटीत पडलं होतं.

पुढच्या सोमवारी अभिमन नव्हता. त्याची आई धुळ्याला अंथरुणाला खिळलेली, तिची तब्येत बिघडली म्हणून तो गेला होता. काट्यावर वना हमाल बसला होता.

"एकाहत्तर," वना म्हणाला.

"कडता धरून?"

"मानूसले कोठे कडता ऱ्हास का, बहीन?"

झुंबर काट्यावरून उतरली. कानात यंत्र चालू झाल्यासारखं वाटलं. यंत्रं बंद होती.

दोन दिवसांनी अभिमन परतला, तेव्हा ती काट्याजवळच उभी होती.

"सात किलोंचा कडता? साडी लोखंडाची होती माझी?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. "वनानं सांगितलं..."

"तुम्ही का सांगितलं नाही?"

"आकडा कमी सांगितला की तुम्ही जेवत होतात." तो खाली पाहत बोलत होता. "पहिल्यांदा भीतीपोटी सांगितला. पडाल म्हणून. मग... तुम्ही जेवताना पाहायची सवय लागली मला. धुळ्यातही मी आईला भरवताना तुमचा विचार करायचो. आता हे तरी खरं सांगतो."

दुसरी कुठली वेळ असती, तर या शब्दांवर तिनं आयुष्य काढलं असतं. पण मंगळवारी पाहुणे येणार होते.

"तुम्ही कडता धरलात," ती हळूच म्हणाली. "जळगावकडचं कोण धरणार? नानांनी शब्द दिलाय. माझ्या आकड्यावर."

ती गेली, जवळच्या रस्त्यानं.

सहा दिवस तिनं पुन्हा काही खाल्लं नाही. भाकरी थापायची, वास घ्यायची, झाकून ठेवायची. नानांना यातलं काही माहीत नव्हतं. ते अंगण सारवून घेत होते, खोकत होते, आणि मध्येच थांबून हसत होते. ते हसू पाहून तिला आणखी उपाशी राहावंसं वाटायचं.

मंगळवारी जीप आली. नवरदेव मोतीलाल उतरला, तेव्हा जीपची ती बाजू चार बोटं वर आली आणि टायरनं सुटकेचा श्वास टाकला. त्याच्या वजनाबद्दल कुणी काही बोललं नाही. तो लाजाळू होता, चिवड्याची बशी मात्र त्यानं एकट्यानं संपवली.

भिकुबाईनं पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या. चौसष्ट किलोच्या मुलीच्या मापानं, अंदाजानं आणलेल्या. तिनं झुंबरचा हात धरला, बोटं दाबली, अंगठा आत मुडपला. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडकली. तिनं साबण मागितला. साबण लावून पिरगाळली. हात लाल झाला. झुंबरच्या डोळ्यांसमोर सहा दिवसांचा अंधार फिरत होता.

"कार्डावर तर चौसष्ट लिखेल व्हतं," भिकुबाई नानांकडे पाहत म्हणाली. "का आकडा खोटा?"

नाना मुलीकडे पाहायला लागले.

झुंबरनं हात सोडवून घेतला. "आकडा खोटा होता, मावशी. पण तुम्ही जिथं ओढताय तिथं हाड आहे. ते कमी नाही व्हायचं." तिनं पदरानं साबण पुसला. "मला सहा दिवसांची भूक लागलीय. मी जेवून घेते. तुम्हीही बसा, भरीत केलंय."

पाहुणे बसले नाहीत. मोतीलालनं जाता जाता एकदा भरिताच्या पातेल्याकडे पाहिलं, एवढंच.

झुंबर स्वयंपाकघरात बसून जेवली. बाहेर नाना भिंतीला टेकून बसले होते. तिनं त्यांचं ताट नेलं. त्यांनी सरकवून दिलं. संध्याकाळीही. दुसऱ्या दिवशीही. बोलणं बंद, जेवण बंद. खोकला तेवढा चालू. अन्न नाकारलं की माणूस किती लांब जातो, हे तिनं पहिल्यांदाच बाहेरून पाहिलं. आपण नानांपासून एवढ्या लांब गेलो होतो, हे तिला तेव्हा समजलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अभिमन दारात आला. जिनिंगचा हंगाम संपला होता. खांद्याला पिशवी होती.

"नाना, चूक माझी आहे," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "खोटा आकडा मी सांगत होतो. तिला माहीत नव्हतं. तुमचा शब्द माझ्यामुळे गेला."

नानांनी तीन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "का बर सांगस खोटं? तुनं काय जास व्हतं?"

अभिमननं आत पाहिलं. दाराच्या चौकटीला धरून झुंबर उभी होती. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. ती म्हणते की त्या क्षणी तिचं हृदय एवढं वाजत होतं की शेजारच्यांनी दळण थांबवून ऐकलं.

"मला ती... आहे तशीच पाहिजे होती," अभिमन म्हणाला. "मागायची हिंमत नव्हती. माझी आई अंथरुणात आहे. धुळ्याला दोन खोल्या आहेत. काम हंगामी. यात मागण्यासारखं काय होतं?"

नाना बराच वेळ खोकले. खोकून झाल्यावर म्हणाले, "नरडाण्याना तुना मामा माले माहीत शे. मानूस बरा शे." मग मुलीकडे वळून, "तू काय म्हनस?"

"तुम्हाला एकटं टाकून मी कुठेही जाणार नाही, नाना."

"मंग दिवाईनी वाट देखशीन का? दिवाई लगून मी ऱ्हासू का नही, डाक्टरले बी माहीत नही." ते हे अगदी सहज म्हणाले आणि बोटांवर अक्षय्य तृतीयेपर्यंतचे दिवस मोजले. "आखाजीले लगीन करी टाका."

"आणि तुम्ही?" तिचा आवाज फुटला.

"मी बी येसू. धुयाले बी खोकता येस."

कुणी हसलं नाही. मग झुंबरच हसली, रडता रडता. अभिमननं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि तो आत येऊन बसला. चुलीवर डाळ शिजत होती. नानांनी समोरचं रिकामं ताट पुढे ओढलं आणि अंगठ्यानं त्याची कड पुसली.

"वाढ, माय," ते म्हणाले. "तीन दिन व्हयनात."