सरावातले हेमंतभाऊ

तर्री-पोह्यांची प्लेट पुढ्यात गार होत होती आणि अश्लेषा भोयर मोबाइलवर दोन परीक्षांची माहिती आलटूनपालटून वाचत होती. नागपूरच्या त्या कंपनीत डायलिसिस यंत्रांसाठी सॉफ्टवेअर तयार होई. अश्लेषाला संघप्रमुख व्हायचं होतं आणि त्यासाठी अ‍ॅजाइल व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र हवं होतं. पद्धत तिच्या अंगवळणी पडलेली होती. मोठं काम छोट्या टप्प्यांत तोडायचं, प्रत्येक टप्प्याला वापरता येईल असं काहीतरी ग्राहकाच्या हातात द्यायचं, चुकलं तर लगेच दिशा बदलायची. प्रश्न होता तो परीक्षा कोणती द्यायची याचा.

"जुनी लेखी द्या, मॅडम," समोर बसलेले हेमंत खोब्रागडे म्हणाले. संघातले ते सर्वांत अनुभवी प्रोग्रॅमर. "पुस्तक वाचा, पर्याय निवडा, मोकळ्या व्हा."

"लेखीला आता कोण विचारतं, हेमंतभाऊ? सगळ्यांना जिवंत परीक्षाच हवी असते."

जिवंत परीक्षेत प्रश्नपत्रिका नसे. उमेदवार चष्मा लावून आभासी कार्यालयात शिरायचा आणि तिथल्या संघाकडून प्रकल्प पूर्ण करून घ्यायचा. सरावासाठी मात्र संघ त्याचा स्वतःचाच असे. बैठकांचं ध्वनिमुद्रण, कॅमेऱ्यांतलं चित्रण आणि रोजचं काम यांवरून यंत्रणा प्रत्येक सहकाऱ्याचं प्रतिरूप घडवायची. ते त्या माणसासारखंच बोलायचं, कुरकुरायचं, थकायचं.

"म्हणजे मीपण आहे त्यात?" हेमंतभाऊ हसले. "जास्त राबवू नका बापा मला."

दुपारी तिने कार्यालयातल्या सरावाच्या काचेच्या खोलीत बसून चष्मा चढवला. आत संघातले सगळे होते. हेमंतभाऊ तर इतके हुबेहूब, की बोलण्याआधी घसा खाकरण्याची त्यांची सवयसुद्धा सुटली नव्हती. सुरुवातीला तिला मजा वाटली. मग ग्राहकाच्या मागण्या वाढल्या, तारीख मात्र हलेना. अवघड कामं तिने हेमंतभाऊंकडे सरकवली.

"होऊन जाईल, मॅडम," प्रतिरूप म्हणालं. पुढच्या टप्प्यालाही तेच म्हणालं, जरा हळू आवाजात. काम वेळेत संपलं. समारोपाच्या बैठकीत त्यांची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यासमोर अक्षरं उमटली: उद्दिष्ट पूर्ण. प्रथम श्रेणी.

"हेमंतभाऊ कुठे आहेत?" तिने विचारलं.

"सदस्य उपलब्ध नाही," यंत्रणेतल्या मार्गदर्शकाचा आवाज आला.

तिने सराव पुन्हा सुरू केला. या वेळी त्यांचं काम इतरांत वाटलं, ग्राहकाकडून मुदत वाढवून घेतली. हेमंतभाऊ शेवटपर्यंत खुर्चीत होते. ती नापास झाली. तिने आणखी काही मार्ग चाचपून पाहिले. ती उत्तीर्ण झाली की हेमंतभाऊंची खुर्ची रिकामी व्हायची. शेवटी तिने मार्गदर्शकालाच विचारलं.

"त्यांना होतं काय? नीट सांग."

"बोलताना लागणारा दम, वाक्यामधले थांबे आणि चालण्याचा मंदावलेला वेग यांवरून हृदयविकाराच्या झटक्याची दाट शक्यता."

"हे कुणाचं? प्रतिरूपाचं की त्यांचं?"

"माहिती त्यांचीच आहे."

"मग त्यांना कळवलंस का?"

"ते या परीक्षेचे उमेदवार नाहीत."

अश्लेषाने चष्मा ओरबाडून काढला. काचेपलीकडे हेमंतभाऊ संगणकावर वाकून बसले होते आणि डावा खांदा चोळत होते. ती थेट त्यांच्यापाशी गेली.

"भाऊ, छातीत दुखतं का तुमच्या?"

ते हसायला गेले, पण हसू ओठांवरच राहिलं. "कुणी सांगितलं तुम्हाला? मी घरीसुद्धा बोललो नाही."

"उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं."

हृदयाच्या दोन वाहिन्या जवळजवळ बंद झाल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना त्याच दिवशी शस्त्रक्रियेसाठी आत घेतलं. बाहेर त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी अश्लेषाचा हात सोडेनात. "आम्ही एका घरात राहतो, आम्हाला कळलं नाही. तुम्हाला कसं कळलं हो?" त्या परत परत विचारत होत्या. सरावात तिने त्यांना कितीदा मारलं, हे त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? हेमंतभाऊ वाचले.

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुख पूर्वा मॅडमच्या खोलीत गेली.

"मी लेखी परीक्षा देणार आहे. आणि हा सराव बंद करा, मॅडम. त्या यंत्रणेला माणसाचा आजार कळतो आणि ती गप्प बसते."

पूर्वा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "नोकरीच्या करारात या माहितीच्या वापराला तुम्ही सर्वांनीच संमती दिली आहे. वरच्यांशी बोलेन मी, पण लगेच काही होईल असं वाटत नाही. आणि अश्लेषा, लेखी दिलीस तर संघाचं प्रमुखपद तुमच्यातल्याच निशिकांतकडे जाईल. त्याने जिवंत परीक्षेला नाव दिलंय."

"त्याच्या सरावात कोण कोण आहे?"

"संघ तोच. हेमंत सोडून."

म्हणजे अश्लेषा त्यात होतीच. खोलीतून बाहेर पडताना तिला स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू यायला लागला. हा थोडा जड आहे का? आपण जिने पूर्वीसारखे चढतो का? हल्ली बोलता बोलता आपण मध्येच थांबतो का?

काचेच्या खोलीचं दार उघडून निशिकांत गावंडे बाहेर आला. चष्मा त्याच्या हातात होता, कपाळ घामाने ओलं. तिला पाहून तो जागीच थबकला.

"कसा झाला रे सराव?" तिने विचारलं.

"चांगला झाला, ताई. म्हणजे… पास होतोय मी," तो म्हणाला. नजर मात्र त्याने वर केली नाही. तसाच भिंतीच्या कडेने तो निघून गेला.

त्याला हाक मारावी म्हणून ती दोन पावलं पुढे गेली, तोवर तो दिसेनासा झाला होता. आत त्याने कुणाची रिकामी खुर्ची पाहिली होती? आणि आता तो परत येऊन तिला सांगणार होता, की मिळालेल्या श्रेणीवर समाधान मानणार होता?