आमसुली आगगाडी

"ओ बाई... रेल्वे खरडून घरी न्यायचा इचार हाय का?"

जगदेवी दचकली नाही. सोलापूर स्टेशनाच्या टोकाला, बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या एका रिकाम्या डब्याशी ती उभी होती. एका हातात सेफ्टी पिन, दुसऱ्या हातात कागदाचा कपटा, आणि त्यावर डब्याच्या रंगाचा नखाएवढा पोपडा. तिनं तो कपटा शांतपणे दुमडला, पिशवीत टाकला आणि मगच मान वळवली.

खाकी कपड्यातला एक तरुण उभा होता. हातात रंगाचा डबा, कानावर ब्रश खोचलेला. डोळ्यांत संशय होता... की हसू? बहुधा दोन्ही.

"अख्खी नको," ती म्हणाली. "एवढाच तुकडा पुरे."

"सरकारी माल हाय त्यो."

"मग बोलवा पोलिसाला."

"पोलीस कशाला? या डब्यांवरची समदी अक्षरं मीच रंगवतो. मलाच सांगा की... कशाला पायजे?"

"आगगाडी रंगवायची आहे."

"मग आमी हितं काय करतोय?"

"माझी आगगाडी!" जगदेवी फणकारली आणि चालू लागली. दहा पावलांवर तिला वाटलं, मागे वळून बघावं. तिनं वळून बघितलं. तो तसाच उभा होता, कानावरचा ब्रश काढून हातात धरून, जणू काही विचारायचं राहून गेलं होतं.

जगदेवीची आगगाडी खरोखरच होती. तिचे मामा, गुरुसिद्धप्पा, मागाच्या यंत्रांचं काम शिकायला जर्मनीला गेले ते तिकडेच रमले. जाताना त्यांनी पाहिलेली जगदेवी दोन वेण्यांची शाळकरी पोर होती, आणि त्यांच्या मनात ती तेवढीच राहिली होती. म्हणून यंदा त्यांनी तिला पाठवली ती खेळण्याची पेटी! एकात एक गच्च बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे, चाकं, रूळ. घरात हशा पिकला. लग्नाच्या पोरीला खेळणं! जगदेवीनं मात्र सगळ्यांसमोर पेटी उघडली आणि हट्टानं इंजिन आणि तीन डबे जोडले. गाडी झकास झाली, पण रंग कसले? पांढरा, पिवळा, निळा. जत्रेतल्या पाळण्यासारखे. तिला हवी होती सोलापूर स्टेशनावर येते तशी गाडी.

रविवारी तो रंगारी तरुण पत्ता शोधत त्यांच्या घरच्या, सूत रंगवायच्या रंगारखान्याच्या दारात उभा राहिला. पत्ता त्याला कुणी दिला, हे त्यानं सांगितलं नाही. त्याच्या हातात एक पत्र्याची पट्टी होती, डब्यांच्या रंगात रंगवलेली.

"पोपड्यावरनं रंग कळंल व्हय? ही घ्या. मी मानसिंग. मोडनिंबचा."

"हा मरून," जगदेवी पट्टी उन्हात धरून म्हणाली.

"आमच्यात डाळिंबी म्हंत्यात."

"डाळिंबी लाल असतो. हा आमसुली आहे."

"बरं... आमसुली. तुमी म्हणाल त्यो."

अंगणात सुताच्या ओल्या लडी वाळत होत्या. त्यांतून निळं पाणी थेंब थेंब गळत होतं. वडिलांची बहीण, शांतम्मा आत्या, ओट्यावर बसून दोघांकडे बारीक डोळ्यांनी बघत होती. तिनं आत जाऊन चहा टाकला. तो नको असता, तर तिनं कुत्र्यावर ओरडल्यासारखं त्याला हाकललं असतं.

मानसिंगनं तैलरंग आणला होता. जगदेवीनं दोन ठोकळे रंगवले. वाळल्यावर ते एकमेकांत बसेनात, आणि दाबून बसवले तर रंग सालपटासारखा निघाला.

"वरून लावून उपयोग नाही," ती म्हणाली. "रंग आत मुरला पाहिजे. सुतात मुरतो तसा."

सुताचे रंग मात्र ठोकळ्यांवरून पाण्यासारखे ओघळून गेले. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. आणि त्याच्या पुढच्याही. आता पट्टीचं निमित्तही लागत नव्हतं. एकदा हात धुवायला त्यानं प्लॅस्टिकचा मग उचलला.

"ह्यो मग कदी घासत न्हाय वाटतं कुणी?"

"घासून घासून माझे हात दुखले! नायलॉनच्या साड्यांसाठी नवीन पावडर आली ना, तिचा रंग धरलाय त्यानं. जातच नाही मेला रंग... प्लॅस्टिकच्या अंगात..."

ती थांबली. तोही थांबला. दोघांनी एकाच वेळी मगाकडे बघितलं, मग एकमेकांकडे... आणि एकाच वेळी चुलीकडे धावले.

पहिला घाणा फसला. पावडर घातलेलं पाणी खळखळून उकळलं आणि ठोकळे पापडासारखे वाकले. जगदेवीच्या डोळ्यांत पाणी आलं. मानसिंगनं एक वाकडा ठोकळा उचलून न्याहाळला. "ह्यो आमच्या सायबासारखा दिसतोय की," तो म्हणाला, आणि ती रडता रडता हसली. दुसऱ्या घाण्याला तिनं उकळी फुटायच्या आत जाळ ओढला. लालात थोडा निळा, चिमूटभर तपकिरी. वाफेत दोघांची डोकी जवळ आली होती. तिनं चमच्यानं एक ठोकळा वर काढला, पाण्यात बुडवला, उन्हात धरला.

आमसुली! काठापासून काठापर्यंत, आतवर मुरलेला.

"जगदेवी..." तो म्हणाला. पहिल्यांदाच नावानं. दिवसभर तिला ती हाक ऐकू येत राहिली.

त्याच आठवड्यात अक्कलकोटहून पाहुणे आले. मोठं कापड दुकान, एकुलता मुलगा. अप्पा, म्हणजे तिचे वडील चनबसप्पा, सकाळपासून नव्या धोतरात वावरत होते. जगदेवी पोह्यांची बशी घेऊन आली तशी मुलाच्या आईची नजर तिच्या बोटांवर खिळली. आमसुली बोटं, आमसुली नखं.

"अव्वा! हे काय हाताला?"

"रंग आहे. आमचा रंगारखाना आहे ना."

"लग्नानंतर असलं काही चालायचं नाही हं आमच्याकडं."

"मग लग्नच चालायचं नाही," जगदेवी म्हणाली आणि बशी त्यांच्या पुढ्यात ठेवली. "पोहे घ्या. गरम आहेत."

पाहुणे गेले. अप्पांचा आवाज गल्लीभर गेला. "तो रेल्वेवाला पोरगा! तो मराठा, आपण लिंगायत. सगळी गल्ली बोलतेय. पुन्हा तो या दारात दिसता कामा नये!"

"मग मी त्याच्या दारात जाईन," ती म्हणाली. मान खाली गेली नाही. मारायला उठलेला हात अप्पांनी स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला.

हिवाळ्यात रेल्वेच्या कामगारांच्या मंडळानं हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं. मानसिंगनं बारीक ब्रशानं तिच्या डब्यांवर पांढरी अक्षरं काढून दिली होती... तांदळाएवढी, पण अगदी खऱ्या गाडीसारखी. जगदेवी गाडी घेऊन दालनाच्या दारात पोहोचली, तर फळ्यावर लिहिलेलं होतं: फक्त कर्मचारी व त्यांच्या घरची मंडळी.

"माझ्या नावावर लावू का?" मानसिंगनं विचारलं.

"गाडी तुम्ही केलीत?"

"न्हाय."

"मग?"

त्यानं मान खाजवली. फळ्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. "मग... एकच वाट ऱ्हायली. तुमी आमच्या घरचं माणूस व्हा की."

जगदेवीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. हा प्रश्न तिनं मनातल्या मनात किती तऱ्हांनी ऐकला होता! वाफेत, उन्हात, अंगणात... पण असा? फळ्यावरचा नियम वाचून?

"मानसिंग," ती म्हणाली, "गाडी आत नेण्यासाठी मी लग्न करणार नाही."

"आवो, तसं न्हवं—"

पण ती पायऱ्या उतरली होती. बाहेर लिंबाखाली कट्टा होता. तिनं पदरानं धूळ झटकली, रूळ मांडले आणि गाडी उभी केली. पहिल्यांदा एक हमाल थांबला. मग दोन बायका. मग दालनातून परतणारे लोक तिथंच घुटमळू लागले. "ही कुणी केली?" "मी केली," जगदेवी प्रत्येकाला सांगत होती. "रंगही मीच दिला. हात लावून बघा, निघत नाही."

थोड्या वेळानं मानसिंग आला. कट्ट्याला पुठ्ठा टेकवून त्यानं डब्यांवर काढतो तशी ठसठशीत अक्षरं काढली: जगदेवी चनबसप्पा, रंगारखाना. आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

गर्दी बघून मंडळाचे चिटणीस धावत आले. "ताई, आत चला, जागा करतो."

"आता नको. इथं हवा छान आहे," जगदेवी म्हणाली, आणि लोक हसले.

चिटणीस गेले. ती मानसिंगकडे वळली. "आता विचारा."

"काय?"

"मघाशी विचारलंत ते. पण मध्ये गाडी आणायची नाही."

त्यानं हातातला ब्रश कानावर खोचला. "जगदेवी... तुमी मला आवडता. लई दिसापास्नं. आत गाडी लागू दे न्हायतर न लागू दे. माझ्याशी लगीन करशील?" आणि घाबरून, "...कराल?"

"करशील चालेल," ती म्हणाली. मग त्याच्याच बोलीत, हळूच, "व्हय."

गर्दीच्या मागे अप्पा उभे होते. कुणीतरी वर्दी दिली असणार. ते पुढं आले, पुठ्ठ्यावरचं स्वतःचं नाव त्यांनी वाचलं, गाडीकडे बघितलं, डब्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला रंग लागला नाही.

"अप्पा, मी यांच्याशी लग्न करणार आहे," जगदेवी म्हणाली. "चोरून नाही. तुम्हाला सांगून."

"मी येणार नाही."

"मी वाट बघीन."

अप्पा आले नाहीत. नोंदणी कचेरीत साक्षीदार म्हणून सही करायला शांतम्मा आत्या आली, सणाचं इरकल नेसून. मोडनिंबहून मानसिंगची आई आली. सुनेची रंगलेली बोटं हातात घेऊन म्हणाली, "मेंदीचा खर्च वाचला की गं!"

रेल्वेच्या दोन खोल्यांत संसार मांडला. तीन महिने माहेराहून निरोप नाही. मग एका दुपारी शांतम्मा आत्या धापा टाकत आली. "अप्पा म्हणतोय, ये. चार दिवस राहून जा. पण एकटी ये."

जगदेवीचा जीव गलबलला. मन कधीच त्या अंगणात जाऊन पोहोचलं होतं. तरी तिनं मान हलवली. "एकटी नाही येणार, आत्या. सांग त्यांना... जावयाला जेवायला बोलवा. मग दोघं येतो."

"तू पण ना... अगदी बापावर गेलीस!" आत्या पाणीही न पिता परत फिरली.

संध्याकाळी मानसिंग कामावरून आला, तेव्हा आत्या पुन्हा दारात हजर होती. पदरानं घाम पुसत तिनं आधी जावयाला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं.

"चनबसप्पानं विचारलंय," ती म्हणाली, "जावईबापूंना शेंगाची पोळी आवडते का?"

मानसिंगनं जगदेवीकडे बघितलं. तिनं तोंड फिरवलं होतं, पण खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, त्याला कळेना.

"आवडती की," तो म्हणाला. "लई."