सरकून घ्या

"एकटी येईन" हे राजनंदिनीनं आठ दिवस आईशी भांडून मिळवलं होतं. दहावीच्या क्लासहून घरी, माळीवाडा ते केडगाव, शेअर रिक्षानं. आईची अट एकच: वाटेत कुणाची सोबत घ्यायची नाही. एकदा जरी घोळ झाला, की पुन्हा पप्पांच्या गाडीमागं!

आज पहिलाच दिवस, आणि साडेपाचलाच पावसानं नगरला झोडपायला घेतलं होतं. रस्त्यावर घोटाभर गढूळ पाणी होतं. तरी राजनंदिनीची स्वारी खुशीत. छगनमामांच्या रिक्षात मागच्या अख्ख्या सीटवर ती एकटीच ऐसपैस बसली.

मामांनी हँडलवरून मागं पाहिलं. "सरकून घ्या ताई. मावशी भिजत्यात."

तिनं पडदा बाजूला करून पाहिलं. बाहेर नुसता पाऊस होता. मामा फिरकी घेतायत होय! मग आपण काय कमी? ती टोकाला सरकली, हात पुढं करून ऐटीत म्हणाली, "या मावशी, बसा. घर तुमचंच आहे!"

रिक्षा किंचित खाली दबली.

"चला, दोन सीटा. असल्या पावसात तेच लई," म्हणत मामांनी किक मारली.

सक्कर चौकात पाणी साचलं होतं. रिक्षा होडीसारखी डुलत निघाली. राजनंदिनीचा डावा दंड गार पडला. पडदा गळत असेल म्हणून तिनं पाहिलं, तर पडदा उजवीकडं. डावीकडं रिकामी सीट. पण तिच्या रेक्झिनवर पाण्याचं तळं झालं होतं. ओल्या लुगड्याचा, बरेच दिवस न वाळलेल्या कापडाचा वास येत होता.

तिनं दप्तर मांडीवर घट्ट धरलं. तेवढ्यात आईचा फोन आला.

"कुठं आहेस गं?"

"कायनेटिक चौकात. एकटीच येतेय, काळजी करू नकोस."

"मग शेजारी खोकतंय कोण?"

"रिक्षावाले मामा," ती कशीबशी म्हणाली. मामा तर शीळ घालत होते.

रेल्वेच्या पुलावर वळण आलं. तिच्या अंगावर भार आला. वळण संपलं. भार हलला नाही.

केडगावच्या कमानीपाशी तिनं जवळजवळ उडीच मारली. पण लहानपणापासूनची सवय, निघताना 'जाते' म्हणायचं नाही. तोंडातून आपसूक निघालं, "येते हं!"

"व्हय," सीटवरून आवाज आला. "मीबी येते."

राजनंदिनी पळत सुटली.

गल्लीतही घोटाभर पाणी. तिची पावलं छपछप वाजत होती. ती थांबली.

एक छप उशिरा थांबली.

मागं न बघता तिनं घर गाठलं आणि दोन्ही हातांनी दार बडवलं. आईनं दार उघडलं. लेकीला पाहून तिचा जीव भांड्यात पडला. मग तिची नजर राजनंदिनीच्या खांद्यावरून मागं गेली आणि कपाळाला आठी पडली.

"एकटी येते म्हणाली होतीस ना गं?"

राजनंदिनीचा डावा दंड पुन्हा गार पडला होता.

आई पदर सावरत हसली. "बरं, दारात काय उभी? सरकून घे जरा. मावशी भिजतायत."