काचेपलीकडला चौक

सौदीतल्या कतीफच्या मासळीबाजारामागे एक जुनं शीतगृह होतं. उदय तिथला मेकॅनिक. चिपळूणचा, सरळ स्वभावाचा, मीटर दाखवेल तेवढंच खरं मानणारा. मशीनरूम आणि फ्रीझरच्या मधल्या भिंतीत एक जाड काच होती, तिच्यातून आतले माशांचे खोके दिसत. काचेवर बर्फ धरू नये म्हणून चौकटीत हीटर असतो. २००६च्या डिसेंबरात तो जळाला, नवा दम्मामहून यायचा होता, आणि तोवर काचेवर दुधासारखी साय धरू लागली.

पहिल्या दिवशी त्या सायीत उदयला एक मनोरा दिसला. बर्फ कधीकधी असाही धरतो, म्हणून त्याने सोडून दिलं. मग मनोऱ्याला घड्याळ आलं. खाली उतरत्या छपरांची घरं आली, नदी आली, नदीवर कमानींचा दगडी पूल आला. उदयचा पाय काचेपासून निघेना. आपल्या डोळ्यांना काय झालंय, हा विचारसुद्धा त्याला सुचला नाही, इतकं ते सुंदर होतं.

त्याने स्टोअर सांभाळणाऱ्या मुनाफचाचांना बोलावून आणलं. चाचा बाणकोटचे. तरुणपणी जहाजावर खलाशी, पुढची सगळी हयात सौदीत. आता पासपोर्टवर कायमचं परतायचा शिक्का बसला होता आणि महिनाअखेरीचं विमान होतं. त्यांची बायको साबिरा हिने आजवर नुसता रजेच्या दिवसांपुरता संसार केला होता. मशीनरूमच्या फोनवर ती हल्ली एकच विचारायची, या वेळी नक्की येताय ना?

चाचांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि काचेसमोर जमिनीवरच बसले.

"ह्या पुलावरनं मी तरुणपणी चाललोय," ते म्हणाले.

त्यांचं जहाज त्या नदीच्या बंदरात गोठून अडकलं होतं, ऐन नाताळात. कप्तानाने खलाशांना मोकळं सोडलं आणि चाचा पोटभर हिंडले. चौकात दिव्यांनी मढवलेलं झाड, भोवती लाकडी टपऱ्या, भाजलेल्या साखरेचा आणि दालचिनीचा वास, चर्चमधून येणारं गाणं. शहराचं नाव मात्र त्यांना आठवत नव्हतं.

"सगळ्या दुनियेत त्या एकाच गावात मला कुणी कामाला लावलं नाही बघ. साबिराला एकदा दाखवायचं होतं. राहूनच गेलं."

हीटर आला. बसवला असता तर काच तासाभरात लख्ख झाली असती. नाताळ होऊ दे, मग बसव, असं चाचांनी विनवलं आणि उदयने ऐकलं. खरं सांगायचं तर त्यालाही तेच हवं होतं. एव्हाना चौकात झाड उभं राहिलं होतं आणि टपऱ्यांतून पिवळा उजेड येत होता. तिथली माणसं सकाळी एका जागी असत, दुपारी दुसऱ्या. हलताना मात्र कधी दिसत नसत. मशीनरूमच्या तेलकट हवेत दालचिनीचा वास यायला लागला, तसा उदय बूट दाराबाहेर काढून आत येऊ लागला. का ते त्याला सांगता आलं नसतं.

नाताळच्या दिवशी कतीफमध्ये रोजच्यासारखंच काम होतं. दुपारी जेवून उदय परतला, तर चाचांचं जाड जाकीट खुंटीला लटकत होतं. फ्रीझरला बाहेरून कडी होती. चाचा नव्हते.

त्याने फ्रीझर पालथा घातला, कामगारांचा कॅम्प पाहिला, धक्का पाहिला. मॅनेजर म्हणाला, पळाला असेल, खलास. घरी जायचं तिकीट खिशात असलेला माणूस पळून कुठे जाणार?

उदय काचेपाशी आला.

झाडाखाली एक बाक होता. सकाळी तो नव्हता. बाकावर चाचा बसले होते, अंगात नुसता सदरा. एवढा सुखी चेहरा उदयने त्यांचा कधी पाहिला नव्हता.

हीटर टेबलावर पडला होता. बसवला तर ते शहर चाचांसकट वितळून जाईल. नाही बसवला, तर साबिराचा माणूस तिच्याकडे पोचणार कसा? उदयला हात उचलवेना.

फोन वाजला. साबिराच होती. तिला काय सांगायचं ते उदय मनात जुळवत होता, पण आज तिने नेहमीचं विचारलंच नाही.

"भाऊ, आमच्या खिडकीच्या काचंवर पांढरं काय तरी धरलंय. इकडं मी पंखा लावून बसलेय, आन् काचंला बोट लावलं तर चिकटतंय."

काचेपासून लांब व्हा, उदय म्हणाला.

"आत पूल आहे," ती हळूच म्हणाली. "थांबा हां. शाल घेऊन येते."

रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. उदय हाका मारत राहिला. पलीकडे पंखा फिरत होता, बाकी काही नाही.

त्याने काचेकडे पाहिलं. चाचा बाकावर जरा सरकून बसले होते आणि शेजारच्या जागेवरचा बर्फ हाताने सावकाश झाडत होते.