दुसरी बादली

मी गिझर दुरुस्त करतो आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद वहीत ठेवतो. सातवीत शाळा सुटली, वहीची सवय मात्र सुटली नाही. म्हणून हे जे सांगतो आहे ते आठवणीतून नाही, वहीतून.

१० नोव्हेंबर, सकाळी साडेसहा. आमच्याच अकोटातल्या माणिकबाईंचा फोन.

"नागसेनभाऊ, गिझरचं पाणी तापूनच नाही राहिलं. बारा दिवसांचं लेकरू हाये घरात."

त्यांची मुलगी शकुन हिवरखेडहून बाळंतपणाला आली होती. घरात मायलेकी आणि तान्ही नात, एवढीच माणसं. गॅसवरून पाण्याचा गंज उतरवताना माणिकबाईंचा हात भाजला होता. जावई ओमप्रकाश चिडला होता. गिझर सुरू झाला नाही तर तो रविवारी गाडी घेऊन येणार होता, बायको-लेकीला न्यायला. माणिकबाईंना मुलगी सव्वा महिना हवी होती. नवरा पुंजाजी चैत्रात वारल्यापासून त्या घरात आवाज असा आत्ताच आला होता.

तो गिझर मीच बसवला होता, पुंजाजींच्या हट्टानं. ते कापसाच्या जिनिंगमध्ये रात्रपाळीला असत. पहाटे साडेपाचला अंगभर रुई घेऊन घरी येत, दोनदा खाकरत आणि थेट न्हाणीत शिरत. पहिली बादली त्यांची. मग ते माणिकबाईंसाठी पुन्हा पाणी तापवत, बादली स्वतः भरून ठेवत आणि हाक मारत, "ये वं, तुयी बादली भरली."

दुपारी जाऊन तपासलं. व्होल्टेज बरोबर, कॉइल चांगली, अठरा मिनिटांत पाणी कढत. दोष नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा फोन, पाणी थंड. थर्मोस्टॅट बदलला. तिसऱ्या सकाळी तेच.

"काका, तुमाले येते ना हे काम?" शकुननं विचारलं. राग नव्हता तिला. डोळे भरले होते. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

म्हणून रविवारी पावणेपाचलाच त्यांच्या अंगणात खुर्ची टाकून बसलो. पाचला माणिकबाईंनी स्विच लावला. पाच अठराला गिझरचा लाल दिवा गेला, म्हणजे पाणी तापलं. त्यांनी सवयीनं स्विच बंद करायला हात नेला. मी म्हटलं, "राहू द्या मावशी, आज चालू राहू द्या."

न्हाणीचं दार लोटलेलं होतं. वर झरोका, त्यातून दिवा दिसत होता. आत कोणी नव्हतं. मी बघून आलो होतो.

साडेपाचला जिनिंगचा भोंगा झाला. हवेत सरकीचा तेलकट वास आला. आणि आत लोटा बादलीवर वाजला.

पाणी पडत होतं... अंगावरून पडतं तसं, थांबून थांबून. मग कोणीतरी दोनदा खाकरलं.

"माय..." शकुननं लेकराला छातीशी धरलं.

"चूप," माणिकबाई म्हणाल्या.

लाल दिवा आपोआप पेटला. आतलं गरम पाणी संपलं होतं, थंड भरत होतं. मला त्या क्षणी एवढंच कळलं.

आवाज थांबल्यावर मी दार ढकललं. वाफ होती. फरशी ओली होती. नळाखाली पितळी लोटा उपडा होता, आणि मोरीच्या जाळीत मूठभर पांढरी रुई.

वही काढली. यंदाच्या हंगामाचं जिनिंग ९ तारखेच्या रात्री सुरू झालं होतं. पहिली तक्रार १० तारखेची.

माणिकबाईंनी ती रुई उचलून ओंजळीत घेतली. मग म्हणाल्या, "ते गेल्यापासून म्या एकच खेप तापवली, भाऊ. एकटीले कितीक पाणी लागते? त्यायची पहिली खेप राहूनच गेली."

त्या दिवसापासून स्विच साडेसहापर्यंत चालू राहू लागला. साडेपाचची खेप पुंजाजींची, सहाची लेकराची. शकुननं नवऱ्याला फोनवर सांगितलं, "गिझर झाला चालू. मी सव्वा महिना इथंच हाये." उशीर झाला की माणिकबाई दारावर थाप मारत, "आटपा जी लवकर! नात खोळंबली हाये." मग शकुनही हसायची.

सव्वा महिना झाला. शकुन लेकराला घेऊन हिवरखेडला गेली. दुसऱ्याच पहाटे फोन आला.

"भाऊ, जरा येता? आज म्या गिझर लावलाच नाही..."

गेलो. स्विच बंद. मीटर लावला, शून्य. टाकी हाताला गार. आणि नळाखाली काठोकाठ भरलेली बादली, वाफाळती, वर रुईचा तंतू तरंगत.

थर्मामीटर घातला. सहा वाजता ४८. साडेसहाला ४८. सात वाजता ४८.

"आता जा तुमी," माणिकबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर नव्या नवरीसारखा संकोच होता. "पाणी थंडं होऊन राहिलं."

त्यांनी न्हाणीचं दार आतून लावून घेतलं. मी हत्यारं पिशवीत भरत होतो. आत लोटा वाजला. मग लगेच दुसरा.

न्हाणीत लोटा एकच होता. मी मोजला होता, वहीत आहे.