अंतराचा चौथा अल्बम

"माझी बायको दिवाळीत गेली," देवव्रत गायधनी म्हणाला, "आणि ईदनंतर तिची नवीन गाणी यायला लागली. दर शुक्रवारी एक. काल तिसरं आलं."

श्रीपतीने तोंडापर्यंत नेलेला कप तसाच खाली ठेवला. कमलिनीने नुसती मान हलवली. कमलिनी सबनीस कतारच्या हमद पोर्टवर खराब झालेल्या मालाची पाहणी करायची. कंटेनर खरंच समुद्रात भिजला की गोदामात कुणी भिजवला, हे ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोह्यातल्या मराठी घरांत काही विपरीत घडलं, की लोक गुपचूप तिच्या नजमातल्या फ्लॅटचा जिना चढायचे. नवरा श्रीपती सोबतीला असायचाच. त्याची बुद्धी जरा निवांत चालायची, पण माणूस मनाचा मोठा.

"जुनी रेकॉर्डिंग्ज असतील," श्रीपती म्हणाला.

"नाहीत. कालच्या गाण्यात ओवीच्या कापलेल्या केसांबद्दल एक ओळ आहे. ओवी माझी मुलगी, अकरा वर्षांची. आई गेल्यावर एके दिवशी आरशासमोर बसून तिने स्वतःच केस कापले. अंतराने ते पाहिलेच नाहीत, कमलिनीताई."

खालच्या कॅफेटेरियातून करक चहाची ऑर्डर देणारा आवाज वर आला.

"गाणी येतात कुठून?"

"अंतराच्या स्वतःच्या पानावर. पासवर्ड मला, अनुजाला आणि कुणालला माहीत आहे. कुणाल तिच्या गाण्यांना साज चढवायचा. माझा संशय त्याच्यावरच आहे. आजकाल मशीन कुणाचाही आवाज काढतं म्हणे."

"आणि अनुजा कोण?"

"माझी धाकटी बहीण. आमच्याकडेच राहते, क्लिनिकच्या लॅबमध्ये संध्याकाळची ड्यूटी करते. ती बिचारी अडखळत बोलते, तिची वाक्यंसुद्धा आम्हीच पुरी करतो. ती काय करणार?" देवव्रतने चेहऱ्यावरून हात फिरवला. "मला माझी काळजी नाही, ताई. ओवीची आहे. आई रेकॉर्डिंगच्या खोलीत आहे असं ती म्हणते. रात्री त्या दाराशीच चटई टाकून झोपते. जेवण जवळपास सुटलंय. जूनमध्ये तिला नाशिकला आजोळी ठेवायचं ठरवलं, तर म्हणते, मी गेले तर आई एकटी पडेल. आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटायला लागलंय."

*

अल अझीझियातला देवव्रतचा फ्लॅट नीटनेटका होता. दिवसभर धूळ उडत होती, त्यामुळे खिडकीतून येणारा उजेड हळदीसारखा पिवळा दिसत होता. हॉलच्या भिंतीवर तीन अल्बमची कव्हरं फ्रेम करून लावली होती: 'लाँग रोड टू दुखान', 'करक फॉर टू', 'विंटर इन मसईद'. तिन्हींवर अंतराचा हसरा चेहरा.

"इंग्रजीत गायची?" श्रीपतीने विचारलं.

"लिहायची, चाली लावायची आणि गायची. वाळवंटातल्या रस्त्यावरचे ट्रकवाले, घरापासून लांब पडलेली माणसं. अमेरिकेतले लोकसुद्धा ऐकायचे."

"प्रत्यक्ष कार्यक्रम?"

"कधीच नाही. इथल्या मराठी मंडळाने किती आग्रह केला! मुलाखती झोकात द्यायची, पण चारचौघांत गायला लाजायची. गणपतीच्या आरतीलासुद्धा नुसत्या टाळ्या वाजवायची, गळा जपते म्हणायची. मीसुद्धा तिला बंद दाराआडूनच ऐकलं. आत ती आणि मशीन सांभाळायला अनुजा. अनुजा इथे आली त्याच वर्षी पहिला अल्बम झाला. दोघींची गट्टीच जमली. नंतर आमच्या आईच्या ऑपरेशनसाठी अनुजा बरेच महिने नाशिकला होती, तेव्हा अंतरा अगदी कोमेजून गेली होती."

स्वयंपाकघराला लागून कामवालीसाठी असते तशी एक छोटी खोली होती. तिच्या दाराशी ओवी बसली होती. केस वेडेवाकडे कापलेले, डोळे मोठे. तिच्यासमोर पाण्याचा ग्लास होता.

"हे कुणासाठी गं?" कमलिनी तिच्याशेजारी जमिनीवरच बसली.

"आईसाठी. शी लाइक्स इट वॉर्म. रेकॉर्डिंग असलं की मी नेहमी इथे ठेवायचे. आय हर्ड हर, यू नो. रमझानमध्ये. बॅडमिंटनवरून लवकर आले, तर आत ती गात होती. मी बाबांना फोन करायला शेजारी पळाले. आले तर दाराला कुलूप आणि आत सगळं शांत."

"आणि हा ग्लास?"

"सकाळी भरून ठेवते आणि स्कूलला जाते. परत येते तर हाफ असतो." ती अगदी शांतपणे म्हणाली. "ती पिते."

श्रीपतीने नकळत दारापासून पाऊल मागे घेतलं.

किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली होती. देवव्रतने खोली उघडली. चारही भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या, मधोमध मायक्रोफोन आणि एक स्टूल. आत भट्टीसारखं उकडत होतं.

"एसी?" कमलिनीने विचारलं.

"रेकॉर्डिंगला बंदच ठेवायचा. त्याची घरघर आत येते. दोघी बाहेर यायच्या तेव्हा अनुजा घामाने निथळत असायची. अंतरा मात्र तशीच टवटवीत. मी चेष्टा करायचो, म्हणायचो, मशीन चालवणारीलाच जास्त मेहनत पडते वाटतं."

कमलिनीने मायक्रोफोनवरून बोट फिरवलं. घरभर धुळीचा थर होता, पण बोट स्वच्छ निघालं.

"आता मला गाणं ऐकवा."

हॉलमधला एसी बंद केल्यावर घर एकदम मुकं झालं. मग तो आवाज आला. भरदार, किंचित घोगरा, एखादा शब्द धरून ठेवून हळूच सोडणारा. देवव्रतने मान खाली घातली. ओवी दाराशी बसून ओठ हलवत होती. श्रीपतीला इंग्रजी गाण्यातलं काही कळत नसे, तरी त्याचे डोळे भरून आले. मेलेलं माणूस असं गात असेल, तर मरणाला काय अर्थ उरला, असं त्याला वाटलं.

शेवटी सूर विरला. पाठोपाठ खूप लांबून एक धप्प असा आवाज, आणि अजानची सुरुवात. तिथे गाणं तुटलं.

"ते शेवटचं पुन्हा लावा," कमलिनी म्हणाली. तिने ते डोळे मिटून ऐकलं. "शेजारच्यांचा टीव्ही भिंतीतून ऐकू येतो का?"

"येतो की. रमझानमध्ये इफ्तारची तोफ टीव्हीवर रोज दाखवतात, ती तर हमखास."

दार वाजलं. अनुजाला आज सुट्टी होती, ती बाजारातून पिशव्या घेऊन आली होती. उंच, सडपातळ, नजर जमिनीवर. देवव्रतने ओळख करून दिली.

"न... न... नम..."

"नमस्कार म्हणतेय ती," देवव्रतने वाक्य पुरं केलं.

"गाणी कोण टाकत असेल असं वाटतं तुम्हाला?" कमलिनीने विचारलं.

अनुजाच्या मानेवरची शीर ताठ झाली. "म... म... मला..."

"तिला काय माहीत असणार!" देवव्रत म्हणाला.

अनुजाने पिशव्या उचलल्या आणि ती आत गेली. तिन्हीसांज झाली तशी आतून उदबत्तीचा वास आला. आत्या-भाची 'शुभं करोति' म्हणत होत्या. दोन्ही आवाज एका लयीत, कुठेही न अडता. श्रीपतीने सवयीने हात जोडले. कमलिनी मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे एकटक बघत राहिली.

*

कुणाल मोहिते दुसऱ्या दिवशी आपण होऊन नजमाला आला. तो चिडलेला होता.

"देवव्रत सगळ्यांना सांगतोय, मी आवाज बनवला! अहो, मी रमझानभर मुंबईत होतो, बहिणीचं लग्न होतं. पासपोर्ट बघा हवं तर. आणि हा बनवलेला आवाज नाहीच. मी तीन अल्बम या आवाजासोबत काढलेत. श्वास कुठे घेते, कुठे दमते, सगळं मला पाठ आहे. हा तोच गळा आहे."

"म्हणजे भूत?" श्रीपतीने हळूच विचारलं.

"मला माहीत नाही, काका. ती बाई होतीच अजब. गोष्ट अमेरिकन कंट्री संगीताची सांगायची आणि गळा सोल संगीताचा लावायचा. पहिल्या अल्बमनंतर एक वर्ष काहीच नाही. का, तर मूड नाही. आणि तिसऱ्याच्या वेळी आजारी होती. फोनवर दोन वाक्यं बोलली की खोकल्याची उबळ यायची. पण फाइल्स आल्या त्या एकदम स्वच्छ! कुठे खाकरणंसुद्धा नाही. मी म्हटलं, मानलं बुवा."

"तुमच्यासमोर कधी गायली?"

"छे! चाल सांगायची तीसुद्धा गिटारवर वाजवून."

तो गेल्यावर श्रीपती म्हणाला, "कमल, मला तर काहीच सुचत नाही. ही शांती वगैरे करायची केस आहे."

"अहो, भूत पाणी पीत नाही आणि मायक्रोफोन पुसत नाही," कमलिनी म्हणाली. पण तिचा चेहरा उतरलेला होता. "कोडं सुटलंय. सांगायचं कसं, ते सुटत नाहीये. त्या पोरीच्या दृष्टीने तिची आई अजून घरात आहे. मी बोलले की ती जाणार."

*

सगळे त्याच हॉलमध्ये बसले होते. कुणाललाही बोलावलं होतं. ओवी त्या छोट्या खोलीच्या दाराशी होती.

"हिला आत पाठवू का?" देवव्रतने विचारलं.

"नको. तिच्यापासून लपवल्यामुळेच हे झालंय," कमलिनी म्हणाली. "आधी साधी गोष्ट. गाण्याच्या शेवटी इफ्तारची तोफ ऐकू येते. म्हणजे ते रमझानमध्ये, दोह्यात आणि एसी बंद करून एका जिवंत माणसाने मायक्रोफोनसमोर गायलंय. मशीनने बनवलेल्या आवाजामागे शेजारचा टीव्ही ऐकू येत नाही. तेव्हा कुणाल मुंबईत होता."

"माझी दुपारची पाळी होती," देवव्रत म्हणाला. "ओवी क्लासला. रमझानमध्ये अनुजाची ड्यूटी इफ्तारनंतर असते. म्हणजे घरी फक्त..." तो थांबला.

"तुम्ही सगळे एकच प्रश्न विचारत होतात, मेलेली बाई गाते कशी? मी विचारलं, ती जिवंत असताना गाताना कुणी पाहिली? नवऱ्याने नाही, कुणालने नाही, मंडळाने नाही. आरतीत ती टाळ्या वाजवायची. पहिला अल्बम कधी झाला? अनुजा आली तेव्हा. काम कधी थांबलं? अनुजा नाशिकला गेली तेव्हा. अंतराला खोकल्याने बोलता येत नव्हतं, तेव्हाही गळा स्वच्छच होता. उकाड्यात घामाने निथळायची ती गाणारी, टवटवीत राहायची ती ऐकणारी. शब्द अंतराचे, चाली अंतराच्या. गळा तिचा कधीच नव्हता. म्हणून तो तिच्याबरोबर गेलाही नाही."

सगळ्यांच्या माना अनुजाकडे वळल्या. ती भिंतीला टेकून उभी होती.

"पण ती तर..." देवव्रत म्हणाला. "तिला धड..."

"बोलताना अडखळणाऱ्या माणसाला गाताना बहुधा अडत नाही. परवा दिवेलागणीला मी ऐकलं, एक अक्षर अडलं नाही. तुम्ही तिची वाक्यं पुरी करत राहिलात, म्हणून तिला पूर्ण कधी ऐकलंच नाहीत."

अनुजा बोलू लागली. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. देवव्रतचे ओठ हलले, पण कमलिनीने हात वर केला आणि तो गप्प बसला. खूप वेळ लागला. वहिनीला गाता येत नव्हतं आणि आपल्याला बोलता येत नव्हतं. नाव झालं तर मुलाखती द्याव्या लागतील याची भीती आपल्याला होती, वहिनीला ती नव्हती. दोघींनी मिळून एक गायिका केली होती. चौथा अल्बम पुरा करण्याचं वचन वहिनीने हॉस्पिटलात घेतलं होतं. तिच्या शब्दांत काही ओळी रिकाम्या राहिल्या होत्या. त्यांत अनुजाने डोळ्यांसमोर दिसलं ते घातलं, ओवीचे केससुद्धा.

"प... पहिलं गाणं आलं, त्या रात्री दादा कित्येक महिन्यांनी झ... झोपला. म... म्हणून दुसरं टाकलं."

"आणि पाणी?" श्रीपतीला राहवलं नाही.

"स... सवयीनं. गाऊन बाहेर आले, ग्लास दिसला, प... प्यायले. मग ओवीचा च... चेहरा बघितला. इतका आनंद. नंतर ग्लास अर्धा क... करणं थांबवता येईना."

देवव्रत उठून खिडकीशी गेला. बायकोच्या आवाजावर त्याने इतकी वर्षं जीव टाकला होता आणि तो त्याच्या पाठच्या बहिणीचा निघाला. राग कुणावर करावा हेही त्याला कळेना, आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला.

ओवी उभी राहिली. ती पुढे गेली आणि तिने आत्याच्या पोटावर दोन्ही मुठी मारल्या, पुन्हा पुन्हा. अनुजाने तिला अडवलं नाही. मग ओवीचे हात थकले.

"तो आवाज तू होतीस," ती म्हणाली. "ती आत नाहीये."

अनुजाने मान हलवली.

"से इट. मान नको हलवू. आई गेली का?"

अनुजा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. खोलीत कुणी मदतीला आलं नाही.

"ग... ग... गेली," ती म्हणाली. "गेली, राणी."

दिवाळीपासून ओवी एकदाही रडली नव्हती. आता ती आत्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. कमलिनीने श्रीपतीला खूण केली आणि दोघं आवाज न करता दाराबाहेर पडली.