पेडगावहून गेलेला नकार

दीपिका ऑफिसात शिरली तेव्हा दाराशी बसलेल्या माणसानं तिच्यापुढं पाण्याचा ग्लास धरला. रडत येणाऱ्या बायकांची त्याला सवय असावी. दीपिका रडत नव्हती. तिनं पाणी पिऊन टाकलं आणि ग्लास परत दिला. गेले नऊ दिवस ती सगळं असंच उरकत होती. जेवण, झोप, लॅबमध्ये रक्त काढणं. हात आपापली कामं करत होते आणि तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

"बसा," टेबलामागून राजेश्रीबाई म्हणाल्या. लग्नाआधीच्या चौकशा आणि विम्याच्या भानगडी यांत परभणीत त्यांचं नाव होतं. ग्लासवाला तो बालाजी, त्यांचा मदतनीस. त्यानं वीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली होती, त्यामुळं समोरचा माणूस बिनतिकीट आहे असं धरूनच तो सुरुवात करायचा.

"काय हरवलंय?" बाईंनी विचारलं.

"कॉलेज," दीपिका म्हणाली. "आयर्लंडमधलं."

मग तिनं सांगितलं, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. ती पेडगावच्या मेंढपाळाची मुलगी, परभणीत डॉक्टर किशनरावांच्या लॅबमध्ये टेक्निशियन. बाहेरदेशी पुढचं शिकायचं म्हणून वर्षभर कोर्स निवडत बसली होती. एकात नुसतं संशोधन होतं. दुसऱ्यात हॉस्पिटलचं प्रशिक्षण नव्हतं. तिसऱ्यात ते होतं, आणि तो पुरा केला की रिपोर्टखाली सही आपली. इथं तपासणी तिची असायची आणि सही डॉक्टरांची. तिनं तिसरा धरला. प्रवेश मिळाला. आता फक्त एजन्सीनं तिच्या वतीनं होकार कळवायचा होता.

"आणि कळवला नकार," दीपिका म्हणाली. "व्हिसाचे कागद मागायला गेले तेव्हा कळलं. जागा दुसऱ्या कुणाला गेली. एजन्सी म्हणते, नकार तुमच्या घरून आला. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणतात, मी होकार दिला."

"जागा मी परत आणू शकत नाही."

"ठाऊक आहे. पण आबांनी दादावर आळ घेतलाय. चप्पल फेकून मारली आणि घराबाहेर काढलं. दादा नऊ दिवस चुडाव्याला मामाकडं आहे. कुणी केलं तेवढं सांगा. माझं कॉलेज गेलं, निदान भाऊ तरी घरी येऊ द्या."

"भाऊच असणार," बालाजी म्हणाला. त्याचा तपास तिथंच संपला होता.

एजन्सीच्या ऑफिसात प्रियांका नावाची मुलगी फोनवर होती. "पॉझिटिव्ह राहा काका, व्हिसा येईल," असं कुणाला तरी समजावून तिनं फोन ठेवला, आणि दीपिकाला पाहून तिचा चेहरा पडला.

"होकार कळवायच्या आधी आम्ही पालकांना फोन करतोच," ती म्हणाली. "तीन आठवड्यांमागं सोमवारी सकाळी अकराला वडलांच्या नंबरवर केला. पुरुषाचा आवाज होता, मागं मेंढ्या ओरडत होत्या. मी विचारलं, त्यांनी स्वच्छ उत्तर दिलं. वर हसलेसुद्धा."

"मग मला का नाही सांगितलं?" दीपिकानं विचारलं.

"घरच्यांनी मोडता घातला की आम्ही मुलींना फोन करत नाही. त्या रडतात, मग घरचे येऊन भांडतात."

तिनं रजिस्टर फिरवून पुढं ठेवलं. 'पालकांचं मत' या रकान्यात दीपिकाच्या नावापुढं इंग्रजी एन होता. राजेश्रीबाईंचं बोट रकान्यावरून वरखाली फिरलं. कुणापुढं पी होता, कुणापुढं एन.

"एन म्हणजे नो," बाहेर येताच बालाजीनं निकाल दिला.

लॅबमध्ये बाईंनी विचारताच डॉक्टर किशनराव चिडले. "मी तिला अडवलं, कबूल. असा हात पुन्हा मिळणार नाही. लहान पोराची शीर हिला एका टोचणीत सापडते. पण शिफारसपत्र मीच लिहिलं ना?"

"त्या सोमवारी अकराला सर माझ्या शेजारीच होते," दीपिका म्हणाली. "फोनला हात लावला नाही त्यांनी."

"मेंढ्यांचा आवाज मोबाइलवर लावता येतो," बालाजी पुटपुटला. डॉक्टरांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो बाहेर जाऊन उभा राहिला.

दीपिकाचा भाऊ बजरंग चुडाव्याला मामाच्या अंगणात बसला होता. त्यानं मान वर करून बहिणीकडं बघितलं नाही.

"मी इरोधात हुतो, साऱ्या गावाला ठावं हाय. एकल्या पोरीला एवढ्या लांब कशापायी धाडायचं? पर त्या दिशी मी सरकी आणाया मानवतला गेलतो. फोन आबाजवळ. माजं एक तरी ऐकून घ्यायचं का न्हाई त्यानं?"

"सरकी कुणाकडून घेतली?" बाईंनी विचारलं. त्यानं दुकान सांगितलं. तिथून त्या मानवतला गेल्या. दुकानदाराला तो सोमवार चांगला आठवत होता. बजरंग दहापासून दुपारपर्यंत तिथंच पोती भरत होता. बालाजीचा चेहरा उतरला.

शेवटी पेडगाव. बिरू आबा कळपात उभे होते. केवळाबाईनं, दीपिकाच्या आईनं, चहा टाकला.

"कळप चांगला राखलाय, आबा," बाई म्हणाल्या.

"औंदा लय घोर लागला हुता बगा. मेंढ्या गाभडाया लागल्या, कोकरं पोटातच मराया लागली. सरकारी डागदरानं रगत नेलं. मंग दिपी रिपोट वाचून म्हनली, आबा, समद्या निगेटिव्ह. तवा बिरदेवाला नारळ फोडला, गावात गूळ वाटला."

"एजन्सीचा फोन तुम्हीच घेतला?"

"मीच की. ती पोरगी शिकल्यालं बोलत हुती. तुमचं काय म्हननं म्हनली. म्या लगीच सांगितलं, हासत सांगितलं. माजी लेक तकडं जायलीय, मी कशाला आडवा यीन? बिरदेवाची आन. मागनं बजरंग्यानंच कायतरी केलं आसंल."

दीपिका ऐकत होती. आबा खोटं बोलत नव्हते, हे तिला कळत होतं. प्रियांकाही खोटं बोलत नव्हती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, याचा विचार करायला गेलं की डोकं बधिर व्हायचं, म्हणून तिनं तो सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजेश्रीबाईंनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. बिरू आबाही आले, बजरंगकडं पाठ करून बसले.

"आबा, खाली जाऊन सात चहा सांगा," बाई म्हणाल्या. "आणि घेऊनच या."

आबा जिना उतरेपर्यंत त्या थांबल्या.

"बालाजी, रजिस्टरातला एन म्हणजे काय?"

"नो."

"नो असता तर त्याच्या जोडीला येसचा वाय असता. त्या रकान्यात वाय एकही नाही. पी आहेत. एनच्या जोडीला पी कुठं असतो?"

"आमच्या लॅबमध्ये," किशनराव सावकाश म्हणाले. "पॉझिटिव्ह, निगेटिव्ह."

"प्रियांका, फोनवर काय विचारलंत? शब्दाला शब्द सांगा."

"मी म्हटलं, काका, दीपिकाच्या जाण्याबद्दल तुमचं उत्तर पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह? ते हसून म्हणाले, निगेटिव्ह! एकदम निगेटिव्ह! मला वाटलं, टोमणा मारतायत."

"टोमणा नव्हता. त्यांना इंग्रजीतले हे दोनच शब्द येतात आणि ते लेकीनं शिकवलेत. मेंढ्या निगेटिव्ह निघाल्या तेव्हा त्यांनी नारळ फोडला. त्या घरात निगेटिव्हवर गूळ वाटतात. त्यांच्या लेखी त्याहून मोठा होकार नाही. मेंढ्या ओरडत होत्या, म्हणजे फोन कळपात लागला. बजरंग मानवतला होता, डॉक्टर लॅबमध्ये. बोलले आबाच, आणि त्यांनी आणि प्रियांकानं, दोघांनीही मला खरं तेच सांगितलं."

"आयला," बालाजी एवढंच म्हणाला.

"सॉरी," प्रियांका म्हणाली. तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. बजरंग जमिनीकडं बघत होता.

"म्हणून आबांना खाली पाठवलं," बाई दीपिकाला म्हणाल्या. "त्यांना काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा."

जिन्यावर पावलं वाजली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दीपिकाला काहीतरी वाटलं. राग आला. आबांचाच राग आला, असा की कान तापले. 'तुम्हीच' हा एक शब्द तिच्या अगदी तोंडाशी आला होता.

आबा कपांचा ट्रे सांभाळत आत आले. "घावला का कोन?"

दीपिकानं तो शब्द गिळला. "कुणी न्हाई, आबा. एजन्सीच्या मशीनमध्ये गडबड झाली. दादानं काही केलं न्हाई."

प्रियांकानं मान डोलावली. आबांनी ट्रे टेबलावर ठेवला. बजरंगपुढं ते नुसते उभे राहिले.

"चप्पल मारली की रं म्या तुला."

"चा थंड व्हायलाय, आबा," बजरंग म्हणाला. त्यानं एक कप उचलला आणि आधी बापाच्या हातात दिला.

आबांनी दोन घोट घेतले. त्यांचा जीव हलका झालेला दिसत होता. "पुढच्या सालाला परत इचारतील का गं ते?"

"पुन्हा अर्ज करावा लागंल. मग इचारतील."

"करू की. फोन येऊ दे. मागच्यावानीच सांगतो, झकास."

"नगं आबा." दीपिकाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिला ते थांबवता येईना. "पुढच्या येळी फोन मी घेईन."

"का गं? मी नीट बोललो न्हाई का?"

"लय नीट बोलला, आबा," ती म्हणाली.